वजन पुढच्याच चाकांत घाला
रिमोटवर चालणाऱ्या, दगडांवर चढणाऱ्या छोट्या गाडीच्या (आरसी क्रॉलरच्या) चारही चाकांत सारखंच वजन घाला आणि स्प्रिंगा कडक करा असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, त्यातलं चाकांत वजन घालायचं पटलं पण चारहीत सारखं नको. चढ लागला की गाडीचा भार आपोआप मागं सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी पाठीवर उलटते, म्हणून वजन पुढंच जास्त पाहिजे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून रिमच्या आतल्या मापाच्या पितळी रिंगा करून घेतल्या, पुढच्या चाकांत प्रत्येकी ८० ग्रॅम, मागं काहीच नाही. पन्हाळ्याला जांभ्याच्या ज्या पायरीवरनं गाडी दर वेळी उलटी पडायची तिथंच परवा नाक खाली दाबून निवांत वर गेली, लई भारी वाटलं बघून. आणि हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं, स्प्रिंगला ते पेलावंच लागत नाही, मग कडक करायचं कारण काय? मऊच राहू द्या, चाक दगडाला धरून राहतं.

पण सर्व्होचं, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचं, कुणीच लिहिलं नाही. चाक जड झालं की दगडात अडकलेलं चाक वळवताना सगळा जोर सर्व्होवर येतो, माझा गाडीबरोबर आलेला प्लॅस्टिक गिअरचा होता, त्याचे दात दुसऱ्याच दिवशी झडले, आता मेटल गिअरचा घातलाय. शिवाय रिममधलं हवेचं भोक रिंगेखाली झाकलं जात नाही ना ते बघा भावांनो, झाकलं तर हवा आत कोंडते आणि टायर फुग्यासारखा ताठ राहतो, दगडावर बसतच नाही.