बाली-श्रीलंका छाप बंगला, पण सोलापुरात?
विजापूर रोडच्या प्लॉटवर चहूबाजूंनी उघडा, बाली धाटणीचा बंगला बांधायचा म्हणताय, तर जरा थांबा. श्रीलंकेचे नामवंत आर्किटेक्ट जेफ्री बावा यांची तिथली अशी उघडी घरं दमट हवेसाठी आहेत. तिथे रात्रही फारशी गार होत नाही, म्हणून सतत वारा खेळता ठेवायचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे आणि हवा कोरडी. दुपारी घर उघडं ठेवलंत तर झळाच आत येणार! इथे जाड भिंती, दिवसा खिडक्या बंद, रात्री सताड उघड्या. जुनी धाब्याची घरं याच हिशोबावर गार राहायची. बावांच्या घरांतला मधला चौक आणि खोल पडवी मात्र जरूर उचला. पश्चिमेची अखंड काच? आर्किटेक्ट कितीही गोड बोलला तरी नको.