मलेशियाहून आलेलं सोंगकेट कापायचं का?

अमळनेरची_लेक
नमस्कार मंडळी, माझा भाऊ मलेशियात कामाला आहे, तो दिवाळीला आला तेव्हा आईसाठी तेरेंगानूचं सोंगकेट घेऊन आला. गर्द जांभळं रेशीम, वर सगळी सोनेरी नक्षी, आणि दोन्ही टोकं जोडून गोल शिवलेलं, लुंगी असते ना तसं. आई म्हणते आपल्याकडं हे कोण नेसणार, कापून दोन ब्लाउज शिवून टाकू, फेब्रुवारीत पुतणीचं लग्न आहे. टेलर पण हो म्हणाला. पण माझा जीवच होत नाहीये हो. तिकडं हे कसं विणतात, कसं नेसतात, कोणाला माहीत असेल तर सांगा ना, मंगळवारी टेलरकडं जायचंय.

भुसावळकर
ताई, कापू नका! मी सहा वर्षं क्वालालंपूरला होतो, तिथले सोबतचे लोक ईदला आणि लग्नात हे नेसायचे. पुरुष लोक बाजू मलायू म्हणजे सदरा पायजमा घालतात आणि त्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत हे गुंडाळतात, त्याला सांपिंग म्हणतात. उभ्या कॉलरचा सदरा असेल तर सांपिंग सदऱ्याच्या वरून, बिनकॉलरचा असेल तर सदऱ्याच्या आतून, हे ते लोक फार नीट पाळतात. बाया घोट्यापर्यंत नेसतात, वर बाजू कुरुंग म्हणजे सैल लांब झगा. एका जागी नक्षी एकदम दाट असेल बघा, बांबूच्या कोंबांसारखे त्रिकोण, पुचुक रेबुंग म्हणतात, तो भाग म्हणजे त्या कापडाचं डोकं, कपाला. आपल्या पदरासारखंच समजा. ब्लाउजला कापलं की पहिला तोच जाईल.

येवल्याची_माहेरवाशीण
माझं माहेर येवला, सासर पारोळा, लहानपणापासून माग बघत आले म्हणून सांगते, लोक याला मलेशियाची पैठणी म्हणतात पण विणायची रीत वेगळी आहे. पैठणीत रंगीत बाणा म्हणजे आडवे धागे एकमेकांत अडकवत नेतात, नक्षी हेच कापड असतं, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. सोंगकेटमध्ये साधा बाणा वेगळा चालतो आणि जरीचा बाणा वरून जादा घालतात, बनारसच्या किनखाबाच्या जवळचं काम. ताण्याचे म्हणजे उभे धागे मोजून मोजून काडीनं उचलायचे, कुठले उचलायचे ते आधीच बांधून ठेवायचं, मग त्याखालून जर सरकवायची. नावच त्यावरून पडलंय, सुंगकित म्हणजे टोकानं उचलणं. एक धागा चुकला तर पुढचं फूल वाकडं. २०२१ मध्ये युनेस्कोनं वारशाच्या यादीत घेतलंय याला. कात्री लावली की वरची जादाची जर कापल्या कडेनं सुटत जाते, टेलर कितीही चांगला असू द्या.

कापूसवाला_चोपडा
एक सांगू का, मलयमध्ये कापसाला कापास म्हणतात आणि रेशमाला सुतेरा, आपल्या सूत्रावरूनच. आपल्या गुजरातच्या पाटणचा पटोला पण जुन्या काळी तिकडं जायचा, ते त्याला चिंदाई म्हणतात, राजघराण्यात मान होता त्याला. आणि त्यांची रोजची चौकड्यांची सुती लुंगी, पलिकात, ती तामिळनाडूतल्या पुलिकत बंदराच्या नावावरून. माझे आजोबा जिनिंगवर होते, हे ऐकलं असतं तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

अमळनेरची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. आईला सगळं वाचून दाखवलं, ती पदराचं ऐकून गप्पच झाली, मग स्वतःच म्हणाली राहू दे, नको कापू. आता लग्नात भाऊ सांपिंग नेसणार, आणि नंतर ती कानबाई देवीच्या पाटामागं लावणार म्हणतेय. धुवायचं कसं? कपाटात डांबरगोळ्या ठेवू का?

येवल्याची_माहेरवाशीण
पाण्यात घालूच नका. नेसून झालं की सावलीत वारा द्या, इस्त्री लागलीच तर उलट्या बाजूनं, मध्ये मलमल ठेवून. घडी घालू नका, घडीवर जर तुटते, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून गोल सुरळी करा. डांबरगोळी जरीजवळ नको, काळी पडते. लवंगांची पुरचुंडी ठेवा.