कवटीचे हाड परत बसवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल माहिती आणि अनुभव हवे आहेत

नमस्कार,

माझ्या धाकट्या भावाला (वय 34) दुचाकीच्या अपघातात डोक्याला गंभीर मार लागला. उजव्या बाजूला मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचले होते आणि सुजेमुळे मेंदू डावीकडे सरकलेला सीटी स्कॅनमध्ये दिसत होता. न्यूरोसर्जननी त्याच रात्री गुठळी काढली. मात्र मेंदू इतका फुगलेला होता की कवटीचा काढलेला मोठा तुकडा परत बसवणे शक्य नव्हते. या शस्त्रक्रियेला डीकम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टॉमी म्हणतात. ते हाड सध्या त्याच्याच पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवलेले आहे.

नातेवाइकांपैकी काही जण अजूनही विचारतात की हाड काढायची खरोखर गरज होती का. कवटी ही बंद पेटी आहे. आत सूज किंवा रक्त वाढले की मेंदूला पसरायला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि रक्तपुरवठा कमी होतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, औषधोपचारांनंतरही ज्यांच्या मेंदूतला दाब पाऱ्याच्या 25 मिलिमीटरच्या वर राहिला होता, अशा रुग्णांत सहा महिन्यांनंतरचे मृत्यूचे प्रमाण हाड काढलेल्या गटात 26.9 टक्के, तर केवळ औषधे चालू ठेवलेल्या गटात 48.9 टक्के होते. पण त्याच चाचणीत भान न येता केवळ जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 8.5 टक्के आणि दुसऱ्यात 2.1 टक्के होते. भावाचे हाड गुठळी काढतानाच काढले गेले, त्यामुळे हे आकडे त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही जीव वाचणे आणि माणूस पूर्ववत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांवरून स्पष्ट होते, आणि म्हणूनच पुढच्या टप्प्याबद्दल मी इतके बारकाईने विचारते आहे.

आता सुमारे अडीच महिने झाले आहेत. तो घरी आहे, सगळ्यांना ओळखतो, हळूहळू पण नीट बोलतो. डाव्या हातापायात अशक्तपणा आहे आणि फिजिओथेरपी नियमित चालू आहे. सुरुवातीला हाड नसलेली जागा फुगलेली होती. अलीकडे तेथील त्वचा बरीच आत गेली आहे. तो बराच वेळ बसला की डोके दुखते, चक्कर येते, डाव्या हाताची पकड आणखी सैल पडते, आणि आडवे झाल्यावर बरे वाटते. डॉक्टरांच्या मते हा हाड नसल्याचाच परिणाम असू शकतो, आणि हाड बसवल्यावर अशा तक्रारी अनेकदा कमी होतात. मेंदूत पाणी साचत नाही ना, हे पाहण्यासाठी नवा सीटी स्कॅन करून मग क्रेनिओप्लास्टीची, म्हणजे हाड परत बसवण्याच्या शस्त्रक्रियेची, तारीख ठरवायची आहे.

माझा मुख्य प्रश्न त्या जागी स्वतःचे हाड बसवावे की टायटॅनियम धातूचा तुकडा, हा आहे. स्वतःचे हाड अचूक बसते आणि वेगळा खर्च होत नाही, पण काही रुग्णांत ते पुढे झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते; टायटॅनियम झिजत नाही, मात्र ते महाग पडते. पोटात ठेवलेले हाड बसवून ज्यांना वर्ष-दोन वर्षे झाली आहेत, त्यांचा अनुभव काय आहे? हाड झिजल्याचे कशावरून लक्षात आले? आणि डोके आत गेल्यामुळे होणाऱ्या अशा तक्रारी हाड बसवल्यावर किती दिवसांत कमी झाल्या?

भावजय त्याला एक क्षणही एकटे सोडत नाही, कारण त्या बाजूवर पडला तर मेंदूला हाडाचे संरक्षण नाही. रुग्णाच्या मापाचे संरक्षक हेल्मेट पुणे किंवा सातारा भागात कोठे करून मिळते, हे कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च ज्यांनी मंजूर करून घेतला आहे, त्यांनी कोणती कागदपत्रे लागली तेही लिहावे.

औषधांचा निर्णय आम्ही त्याच्या डॉक्टरांवरच सोडला आहे, त्यामुळे पर्यायी उपचार कृपया सुचवू नयेत. येथे कोणी न्यूरोसर्जन किंवा न्यूरो-फिजिओथेरपिस्ट असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आणखी काय विचारावे, हे त्यांनी जरूर सांगावे.