मदत हवी आहे: चर्चमधून उसनं दिलेलं रुग्णसाहित्य परत कसं मिळवायचं?

वसईतल्या एका धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या पॅरिशमध्ये) आम्ही 7-8 स्वयंसेवक रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतो. फाउलर कॉट (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली करता येणारी खाट) 3, व्हीलचेअर 6, बाकी वॉकर, कमोड खुर्च्या, एअर बेड. भाडं घेत नाही, धर्म विचारत नाही. आता सफाळे, जव्हारकडूनही माणसं येतात.

अडचण अशी की वस्तू जाते, पण परत येत नाही. सध्या 4 व्हीलचेअर बाहेर आहेत, त्यातल्या दोन वर्षभरापासून. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, फोन असतो. 3 महिन्यांची मुदत लिहून घेतो, आठवणीचे फोनही करतो. पण रुग्ण दगावलेला असला की "खुर्ची कधी देताय?" विचारायला जीभ रेटत नाही. फादरांनी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) दोनदा आवाहन केलं. त्यातून एक वॉकर परत आला, तोही आमचा नव्हता!

अनामत रकमेवरून आमच्यातच दोन तट आहेत. 1000 रुपये ठेवले तर ज्याला खरी गरज आहे तोच मागे फिरेल, असं मला वाटतं. आधार कार्डाची प्रत ठेवणं बरोबर वाटत नाही. पगारी माणूस परवडणार नाही, टेम्पो नाही, केंद्र फक्त रविवारी सकाळी उघडं असतं.

असं केंद्र चालवणाऱ्यांनी कृपया सांगा: अनामत घेता का, किती, आणि ज्याला जमत नाही त्याचं काय करता? आणि दुःखाच्या घरी वस्तू मागायला कधी, कोणी जावं?