मदत हवी आहे: १७७८ च्या पगारपटावरचं रेशमी अस्तर कसं सोडवावं?

अमेरिकन क्रांतियुद्धातल्या कॉन्टिनेन्टल सैन्याच्या एका कंपनीचा पगारपट आहे. चिंध्यांचा हातकागद, लोह-माजूफळाची शाई. मागे-पुढे पातळ रेशीम, जुन्या दुरुस्तीत आधारासाठी पिठाच्या खळीने चिकटवलेलं. रेशीम आता पिवळं, ठिसूळ; घडीवर कागदासकट तुटतंय. साध्या शिपायाचा महिन्याचा पगार ६⅔ डॉलर, त्यातला अपूर्णांकच तडकलेल्या शाईत अडकलाय. युद्धखात्याचं दप्तर नोव्हेंबर १८०० मध्ये जळालं, म्हणून उरलेला प्रत्येक पट मोलाचा.

बॅथोफेनँथ्रोलिनची (मोकळं लोह दाखवणारी) चाचणीपट्टी गडद गुलाबी झाली, म्हणजे शाईत मोकळं लोह(२) भरपूर आहे. भीती याचीच! ओलावा लागला की हे लोह शाईबाहेर सरकतं आणि भोवतीचा कागदही जाळतं. तपकिरी कडा उमटते ती नंतर. पूर्ण बुडवून कॅल्शियम फायटेट (लोह बांधून ठेवणारं) व कॅल्शियम बायकार्बोनेट (आम्ल मारणारं) द्यायचं, तर ओल्या रेशमाबरोबर तडकलेल्या शाईचे तुकडे निघून येतील.

सध्या विचार असा: मागच्या बाजूनेच, दोन-दोन इंचांत, जपानी कागदावरून ४ टक्के मिथाइल सेल्युलोजचा (पाणी धरून ठेवणाऱ्या घट्ट खळीचा) लेप. खळी मऊ झाली की रेशीम कागदालगत आडवं ओढायचं, वर उचलायचं नाही. तडे जिलेटिन लावलेल्या पातळ जपानी कागदाने सांधायचे.

विचारायचंय ते हे:

लेपाऐवजी जेलन गमची (पाणी धरून ठेवणाऱ्या डिंकाची) घट्ट जेल वापरली, तर ओल खरंच कमी उतरते का? किती मिनिटं ठेवता? खळी हट्टी असेल तर अमायलेज (पिठाची खळी तोडणारं विकर) घालावं का, आणि मग ते धुवायचं कसं?

आणि पुढच्या बाजूचं रेशीम शाईवर तसंच ठेवलेलं कुणी पाहिलंय का? पुढे काय झालं?