मदत हवी आहे: तिसऱ्या पाळीसाठी किती ऑपरेटर वाढवावेत?

धागाकर्ता:
भोसरीत जॉबवर्कचं युनिट आहे. 8 सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, दोन पाळ्या, मशीनमागे एक माणूस म्हणून 16 ऑपरेटर, 2 सेटर (मशीन कामासाठी जुळवून देणारे), 2 इन्स्पेक्टर. गुरुवारी बंद. पाच मशीनवर एकच पिन चालते, सायकल, म्हणजे एका नगाचा वेळ, 4 मिनिटं 10 सेकंद (लोडिंगचे 30 सेकंद धरून). उरलेल्या तीनवर बुश, 55 सेकंदांत पडतो. पुढच्या महिन्यापासून पिनचं शेड्यूल 23,000 वरून 31,000 होतंय, बुश आहे तेवढाच. आणखी 8 ऑपरेटर घ्यावेत की ओव्हरटाइमवर भागेल? अप्रेंटिस रात्री लावता येतील का?

पाळी_नियोजन:
मशीन मोजून माणसं ठरवू नका, तास मोजा. पिन ताशी 14.4 पडते. 31,000 ना 2,153 तास लागतात. इन्सर्ट (कापणारं पातं) बदलणं, चिप्स (धातूचा कीस) काढणं, सेटिंग धरून मशीन 85 टक्केच वेळ चालते, म्हणजे 2,533 तास. एका मशीनची एक पाळी महिन्याला 26 गुणिले साडेसात, 195 तास. म्हणजे 13 मशीन-पाळ्या. सकाळी 5, दुपारी 5, रात्री फक्त 3. बुशला रात्र लागतच नाही.

आता माणसं. पिनला ऑपरेटरचं काम लोडिंग, बर (कडेला राहिलेली धार) काढणं आणि गेजने माप तपासणं मिळून मिनिटभराचं. बाकी वेळ तो उभा असतो. त्याला दोन मशीन द्या. दोन मशीन एकदम थांबल्या की एक ताटकळते, त्यासाठी 5 टक्के सोडले की 13 च्या 14 होतात, म्हणून रात्री 4 मशीन धरा. दिवसाच्या प्रत्येक पाळीत पिनला 3 आणि बुशला 3 ऑपरेटर, रात्री 2. एकूण 14.

रजा आणि खाडे वेगळे धरायलाच हवेत. वर्षाचे 313 दिवस, त्यातून 8 सणांच्या सुट्ट्या गेल्या की 305. माणूस त्यातले 275 च्या आसपास येतो. 305 भागिले 275, म्हणजे 1.11. 14 चे साडेपंधरा, म्हणजे 16. तेवढे तुमच्याकडे आहेतच! नवा माणूस हवा तो रात्रीचा सेटर, तोही पहिला पीस स्वतः तपासून पास करणारा. रात्री दोघांनाच शेडमध्ये ठेवू नका, अपघात झाला तर मदतीला तिसरा लागतोच.

ओव्हरटाइमने करायचं तर पिनच्या प्रत्येक मशीनवर दोन्ही पाळ्यांत रोज सव्वादोन तास जादा, दुप्पट दराने. महिनाअखेरीच्या दोन-चार दिवसांपुरतं ठीक, कायमचं नाही. रात्री 10 ते सकाळी 6 अप्रेंटिसला परवानगीशिवाय लावता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी शिकाऊ पोराच्या भरवशावर मशीन सोडू नये.

धागाकर्ता:
दोन मशीन दिल्या की रिजेक्शन वाढतं, असं सेटर म्हणतो.

दुकान_मजला:
सेटरचं खरं आहे, पण कारण शोधा. दोन्ही मशीन एकाच वेळी सुरू केल्या तर दोन्ही जॉब एकदमच संपतात, माणूस घाई करतो आणि चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) चिप अडकलेली असतानाच पिन बसवतो. पिन तिरकी बसते, व्यास बाद. दुसरी मशीन दोन मिनिटं उशिरा सुरू करा. दोन्ही समोरासमोर हव्यात, गेजचं टेबल मधे. इन्सर्ट कधी बदलायचा हे माणसाच्या अंदाजावर नको, किती नगांनी बदलायचा तो टूल लाइफचा आकडा कंट्रोलरमध्ये टाका. आणि दोन मशीनचा भत्ता पहिल्या दिवसापासून द्या. काम दुप्पट आणि पगार तोच असेल तर चांगला ऑपरेटर शेजारच्या कंपनीत जातो, नवा हाताशी यायला तीन महिने लागतात.

पाळी गुरुवारच्या सुट्टीनंतरच बदला. दोघांचीच रात्र असल्याने 16 जणांत प्रत्येकाची पाळी आठ आठवड्यांनी येते. एकाच दोघांना कायमचं रात्रीत अडकवू नका.

पाळी_नियोजन:
एक राहिलं. वरचं गणित 26 दिवसांचं आहे, दिवाळीचा महिना त्यात बसत नाही. बिहार-यूपीकडचे ऑपरेटर छठ करूनच परततात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच आठवड्यात सगळ्यांच्या तारखा लिहून घ्या. एकाच मशीनवरचे दोघे एकदम जात असतील तर एकाला आताच दुसऱ्या कामावर शिकवा, आणि पिनचा आठवड्याचा साठा आधी करून ठेवा. सुट्टीनंतर कोण कधी परततो हे गृहीत धरून शेड्यूल कबूल करू नका.