नाटक बघायला मुंबईत येता, तेव्हा कसं जमवता?

वर्षातून दोन-तीनदा मी साताऱ्याहून मुंबईला येते ती फक्त नाटकासाठी. कोणतं नाटक बघायचं हे घरी बसून ठरतं. डोकं खातो तो पुढचा भाग: तिकीट खिडकीवर मिळेल की आधी काढून ठेवायचं, दादरला उतरून कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं, प्रयोग सुटल्यावर परत कसं जायचं. मुंबईकरांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून त्यांना विचारलं तरी ते अर्धंच सांगतात. तेव्हा बाहेरगावाहून येणाऱ्यांनीच सांगावं. जमलेलं सांगा, फसलेलंही सांगा.

सुरुवात मी करते. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास 1988 पासून आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. मी एकदा चार दिवसांचा काढला आणि मुंबई, नाशिक, पुणे अशी तीन गावांत तीन नाटकं पाहिली. पण बायकांनी आधी हिशेब करावा. 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जायचं-यायचं एवढाच प्रवास असेल तर पास महाग पडतो. खूप फिरणार असाल तरच घ्या. आणि हा पास मुंबईत बेस्टच्या बसला चालत नाही.

सांगलीहून, निवृत्त शिक्षिका

मी अजून खिडकीवरच तिकीट काढते. मोबाइल वापरता येतो, भाचा काढूनही देतो, पण शिवाजी मंदिरच्या खिडकीपाशी उभं राहून समोर खुर्च्यांचा प्लॅन बघण्यात जे कळतं ते मोबाइलवर कळत नाही. आत बसलेल्या माणसाला नाट्यगृहाची खुर्ची न् खुर्ची पाठ असते. मागच्या खेपेला मी तिसऱ्या रांगेतली अगदी कडेची जागा मागत होते. ते म्हणाले, "ताई, या नाटकाचा सेट उजवीकडे खोल आहे, कडेला बसलात तर आतली खोली दिसणार नाही. सातवीतली मधली घ्या, शंभर रुपये वाचतील." वाचले, आणि सगळं दिसलं. अशी माहिती विचारल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मी विचारतेच: सेट कसा आहे, आवाज मागेपर्यंत येतो का, मध्यंतर किती वाजता.

एक सवय मला वडिलांकडून लागली. पेपरातली नाटकांची जाहिरात कापून पर्समध्ये ठेवायची. तारीख, वार, वेळ, नाट्यगृह चारही गोष्टी तिच्यात असतात. एकाच दिवशी दुपारचा प्रयोग एका नाट्यगृहात आणि रात्रीचा दुसऱ्याच उपनगरात असं सर्रास होतं. दुपारी पार्ल्याला दीनानाथ, रात्री दादर. माझी एक मैत्रीण बरोबर वेळेला चुकीच्या नाट्यगृहात पोचली होती, तेव्हापासून आम्ही दोघी कात्रण ठेवतो.

दादर स्टेशनचंही सांगते. पूर्वी पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेंचा आपापला एक नंबरचा फलाट होता. "मी एक नंबरवर उभी आहे" असं सांगून भाच्याला मी अर्धा तास पुलावरून इकडून तिकडे पळवलंय. डिसेंबर 2023 पासून एक ते सात पश्चिम रेल्वे आणि आठ ते चौदा मध्य रेल्वे असे सरळ आकडे झाले. बाहेरगावच्या माणसावर फार मोठे उपकार झाले हे. शिवाजी मंदिरला जायचं तर पश्चिमेला बाहेर पडायचं आणि प्लाझा विचारायचं. प्लाझासमोरच आहे.

नागपूरहून, नोकरीच्या मुलाखतीसाठी तीन दिवस मुंबईत होतो

मला टूरिस्ट तिकीट ठाऊकच नव्हतं. लोकलच्या खिडकीवर मिळतं, एक, तीन किंवा पाच दिवसांचं. पश्चिम, मध्य, हार्बर तिन्हीवर चालतं. मी तीन दिवसांचं घेतलं. पैसे किती वाचले ते सोडा, दर वेळी रांगेत उभं राहायचं वाचलं हेच मोठं. मुलाखत चर्चगेटला, राहायला ठाण्याला मामाकडे, संध्याकाळी नाटक माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिरात. चुकून पुढच्या स्टेशनात उतरलो तरी छातीत धस्स होत नाही, परत उलट्या गाडीत बसायचं.

एवढं मात्र लक्षात ठेवा, माटुंगा रोडला फास्ट गाडी थांबत नाही. आणि माटुंगा वेगळं, माटुंगा रोड वेगळं. पहिलं मध्य रेल्वेवर, दुसरं पश्चिमेवर. मी पहिल्यावर उतरलो आणि उरलेला रस्ता धावत काढला. तिसरी घंटा होताना खुर्चीत बसलो. दहा मिनिटं रंगमंचाकडे लक्षच लागलं नाही, नुसता धापा टाकत होतो. एवढ्या लांबून येऊन त्या नाटकाची सुरुवात माझ्या हातून गेली, याची चुटपुट अजून आहे.

नाशिकहून, दोन मुलांची आई

मे महिन्याच्या सुट्टीत बालनाट्य दाखवायला मुलांना ठाण्याला नेलं, गडकरी रंगायतनला. तलावाच्या काठावरचं नाट्यगृह, मुलांना बाहेरूनच आवडलं. आदल्या रात्री डोंबिवलीला बहिणीकडे राहिलो.

रविवार होता आणि मी मेगाब्लॉक बघितला नव्हता. आमच्याकडे हा प्रकारच नसतो हो! रुळांची, तारांची कामं रविवारी काढतात, मग फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवरून जातात, गाड्या कमी होतात आणि गर्दी दुप्पट. बहिणीनं आठवण करून दिली म्हणून आम्ही सव्वा तास आधी निघालो, नाहीतर मुलांचा पहिला अंक गेला असता. नाटकं बहुतेक शनिवार-रविवारी आणि ब्लॉक रविवारी, तेव्हा कुठल्या मार्गावर किती ते किती ब्लॉक आहे हे आदल्या दिवशीच्या पेपरात बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नका. मुलं बरोबर असतील तर नक्कीच नाही.

पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट लागत नाही, पाच ते बारा अर्धं. नाटकाला मात्र तसं नसतं. काही संस्था मांडीवरच्या मुलालाही तिकीट घ्यायला लावतात, काही घेत नाहीत. आधी फोन करून विचारा.

मडगावहून

माझं थोडक्यात. कोकणकन्येनं पहाटे दादरला उतरतो, मित्राकडे आंघोळ, झोप, आणि संध्याकाळी जुहूला पृथ्वी थिएटर. तिथे खुर्च्यांना नंबर नसतात, जो आधी येतो तो हवं तिथे बसतो, आणि प्रयोग सुरू झाल्यावर दार उघडत नाहीत. मला हा नियम मनापासून पटतो. विलेपार्ल्याहून जुहूची बस रहदारीत कितीही वेळ घेऊ शकते, म्हणून मी तासभर आधी पोचतो आणि आवारात चहा घेत बसतो.

सोलापूरहून, वडील पंच्याहत्तरीचे

बाबांचे गुडघे गेलेत, पण नाटक सुटत नाही. त्यांना घेऊन जाताना माझा क्रम उलटा असतो. आधी पायऱ्यांची चौकशी, मग जागा, मग नाटकाची वेळ. ऑनलाइन तिकीट काढलं तेव्हा एकदा फसलो. बाल्कनी स्वस्त दिसली म्हणून घेतली आणि वर जायला लिफ्ट नव्हती. बाबा एकेक पायरी बसत बसत चढले. तेव्हापासून फोन करून विचारतो, आणि रांगेच्या कडेची खुर्ची घेतो, म्हणजे मध्यंतरात कुणाला उठवावं लागत नाही आणि पाय लांब करता येतो.

प्रवास बसनं करतो. लोकलची गर्दी त्यांना झेपत नाही. बेस्टचं कमीत कमी तिकीट साध्या बसला दहा रुपये आणि एसीला बारा, मे 2025 पासून. दुपारच्या वेळी एसी बस रिकामी मिळते. आता आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोही झाली. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिरला जायचं तर सिद्धिविनायक स्टेशनला उतरायचं. लिफ्ट, सरकता जिना दोन्ही आहेत. बाबा पहिल्यांदा त्या जिन्यावर उभे राहिले तेव्हा माझा हात न धरता वर गेले.

रत्नागिरीहून, सध्या अंबरनाथला बहिणीकडे

रात्री आठचा प्रयोग साडेदहा-अकराला सुटतो. अंबरनाथला जाणाऱ्या गाड्या त्या वेळी विरळ होतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी मी परतीच्या गाडीची वेळ बघते. तीन अंकी नाटक असेल तर दुपारचाच प्रयोग घेते. शेवटच्या प्रवेशात घड्याळाकडे बघत बसणं मला जमत नाही, आणि नटांसमोरून उठून जाणं तर त्याहून नाही.

रात्रीचा एकच प्रयोग मी हट्टानं पाहिला, कारण तो त्या नाटकाचा मुंबईतला शेवटचा होता. दादरहून लेडीज डब्यात चढले. समोरच्या बाईच्या मुठीत त्याच नाटकाचं अर्धं फाडलेलं तिकीट होतं. मी माझं दाखवलं. मग कुर्ल्यापर्यंत आम्ही दुसऱ्या अंकातल्या त्या आईबद्दल बोलत होतो, की ती खोटं बोलली ते बरोबर की चूक. कुर्ला आलं, त्या उतरल्या, आणि खिडकीशी येऊन म्हणाल्या, "नाही, चूकच होतं तिचं." गाडी सुटली, म्हणून माझं उत्तर राहिलं.